‘पाच वर्षांनी सरकारी कागद जाळतात’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

गेल्या काही महिन्यांत एकच मेसेज माझ्याकडे सहा-सात ग्रुपवरून आला. मजकूर साधारण असा: ‘सरकारी कार्यालयं पाच वर्षांनी सगळे कागद जाळतात, तसा नियमच आहे. म्हणून माहिती अधिकारात “अभिलेख उपलब्ध नाही” असं उत्तर आलं की विषय संपला. वीस वर्षांपूर्वीचं तर काही मागताच येत नाही. आणि आता सगळं स्कॅन झालंय, मूळ कागदाला किंमत नाही.’ त्याखाली लोकांच्या प्रतिक्रिया: कागद जाळणारे सगळे चोर.

मी तालुक्याच्या कार्यालयात अभिलेख कक्ष सांभाळून निवृत्त झालो. आता लोकांना अर्ज लिहून देतो. ‘साहेब, ते जाळलं असेल हो, कशाला अर्ज करायचा’ असं म्हणून माणसं उठून जातात, तेव्हा जीव तुटतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पाच वर्षांचा आकडा कुठून आला, ते आधी बघू. प्रकरण निकाली निघालं की कारकुनाने त्यावर वर्ग टाकायचा असतो. ‘अ’ म्हणजे कायम, ‘ब’ म्हणजे तीस वर्षं, ‘क’मध्ये पोटभेद करून दहा आणि पाच वर्षं, ‘ड’ म्हणजे एक वर्ष. म्हणजे पाच वर्षं हा एका पोटभेदाचा काळ आहे, सगळ्या दप्तराचा नाही. आमच्याकडे सहा गठ्ठे पद्धत होती. पाचव्या गठ्ठ्यात अभिलेख कक्षाकडे पाठवायची प्रकरणं, सहाव्यात ‘ड’ वर्गाचे नष्ट करायचे कागद: स्मरणपत्रं, पोचपत्रं, किरकोळ पत्रव्यवहार.

मुदत संपली म्हणून गठ्ठा उचलून भट्टीत जात नाही. त्या कामाला निंदणीकरण म्हणतात, शेतातल्या निंदणीवरूनच. पिकातलं तण काढायचं तर रोप ओळखता यायला हवं. आम्ही टेबलावर रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडायचो, एक जण नोंदवही वाचायचा, दुसरा संचिका उघडून विषय आणि वर्ष ताडून बघायचा, तिसरा यादी करायचा. त्या यादीवर सक्षम अधिकाऱ्याची सही झाल्याशिवाय एक चिठ्ठीही बाहेर जात नसे. कितीदा तरी असं झालं की ‘ड’च्या ढिगात एखादा मूळ आदेश घुसलेला निघायचा, आणि तो परत ‘अ’च्या रुमालात बांधला जायचा.

ही आमच्या कार्यालयाची मेहेरबानी नव्हती, कायदाच तसा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ च्या कलम ८ प्रमाणे ठरवून दिलेल्या रीतीशिवाय सार्वजनिक अभिलेख नष्ट करता येत नाही. केला तर कलम ९ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. केंद्राचा १९९३ चा कायदाही याच धर्तीवर आहे, आणि त्यात आणखी एक गोष्ट आहे: १८९२ पूर्वीचा अभिलेख, तो उपयोगात आणताच येणार नाही इतका खराब झाला असल्याखेरीज, नष्टच करायचा नाही.

आता ‘कागद जाळणारे सगळे चोर’ या प्रतिक्रियेबद्दल. राग समजतो, पण हे मला मान्य नाही. काहीच न काढता सगळं साठवलं तर कक्षात पाऊल ठेवायला जागा राहत नाही. वाळवी लागते, गळती लागते, आणि ‘अ’ वर्गाचा कागद स्मरणपत्रांच्या ढिगाखाली कुजतो. निंदणीकरण वेळेवर न करणं हीसुद्धा कागद मारण्याचीच एक रीत आहे. २०१४ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने दीड लाख फायली नष्ट केल्याच्या बातम्या आल्या. तत्कालीन गृहमंत्री राजनाथ सिंह यांनी राज्यसभेत ११,१०० फायली नष्ट केल्याचं सांगितलं. दीड लाख आणि अकरा हजार यांत फरक केवढा! नष्ट केलेल्या फायलींची विषयवार यादी त्याच दिवशी लोकांसमोर असती, तर कुणाच्या शब्दावर विसंबायची वेळ आली नसती. माझं म्हणणं एवढंच आहे. कागद गेला तरी चालेल, पण तो गेल्याचा कागद राहिला पाहिजे.

जुने कागद काय कामाचे, असं विचारणाऱ्यांनी २०२३ चं शेवट आठवावं. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधायला लागली, तेव्हा गाव नमुना १४ ची कोतवाल बुकं, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, शाळांची जुनी दाखलखारिज रजिस्टरं, पाहणी पत्रकं असं सगळं बाहेर निघालं. किती पानं मोडीत होती, आणि ती वाचणारी माणसं शोधायला प्रशासनाची धावपळ झाली. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, पण साठ-सत्तर वर्षांपूर्वी एखाद्या कारकुनाने ती वही ‘किरकोळ’ म्हणून सहाव्या गठ्ठ्यात टाकली असती, तर आज वाद घालायलाही पुरावा नसता.

सगळ्यात घातक वाक्य दुसरं आहे, ‘उपलब्ध नाही म्हटलं की विषय संपला.’ संपत नाही. २०१३ मध्ये विश्वास भांबुरकर प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की जी माहिती कधीतरी सरकारी दप्तरात होती, ती ‘सापडत नाही’ एवढ्यावर नाकारता येणार नाही. कसून शोध घ्यायचा, आणि तरी नाही मिळाली तर चौकशी करून जबाबदारी ठरवायची. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये अभिलेख सूचीबद्ध ठेवणं हे कार्यालयाचं कर्तव्यच आहे. अर्ज आल्यावर मागितलेली माहिती नष्ट केली तर कलम २० प्रमाणे दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये शास्ती आहे. आणि पानं गायब होणं हा फौजदारी तपासाचा विषय होतो, हे मुंबईतल्या आदर्श सोसायटी घोटाळ्याच्या वेळी आपण पाहिलं. नगरविकास खात्याच्या फायलीतली पानं नाहीशी झाल्याचं २०१० मध्ये उघड झालं आणि तपास सीबीआयकडे गेला.

एक प्रकरण सांगतो. गाव आणि कार्यालय यांची नावं घेत नाही. एका शेतकरी काकांना आपल्या वडिलांच्या कुळकायद्याच्या प्रकरणाची, ३२ग ची (कुळाने कसत असलेली जमीन विकत घेण्याच्या कलमाची), नक्कल हवी होती. साल १९६२. उत्तर आलं, एका ओळीचं: ‘सदर अभिलेख आढळून येत नाही.’ काका तो कागद चार घड्या घालून खिशात घेऊन फिरत होते. पहिल्या अपिलात आम्ही संचिका मागितलीच नाही, दोनच गोष्टी मागितल्या: त्या सालची अभिलेख कक्षाची नोंदवही आणि नष्ट केलेल्या अभिलेखांच्या याद्या. नोंदवहीत प्रकरण होतं, पुढे गठ्ठा क्रमांकही होता. नाशनाच्या एकाही यादीत ते नव्हतं. म्हणजे कागद त्याच खोलीत असायला हवा होता. अपिलीय अधिकाऱ्यांनी शोध घेऊन कळवायला सांगितलं. पंधरा दिवसांनी संचिका सापडली. तालुक्यात एकाच नावाची दोन गावं, बुद्रुक आणि खुर्द. खुर्दचं प्रकरण बुद्रुकच्या रुमालात बांधलं गेलं होतं, कुणास ठाऊक किती वर्षांपूर्वी. काकांनी आदेशावरची वडिलांच्या अंगठ्याची निशाणी बघितली आणि बराच वेळ त्या पानावरून हात काढला नाही.

वीस वर्षांची अट ही तर चक्क उलटी वाचलेली आहे. माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(३) म्हणतं की वीस वर्षांपूर्वीच्या घटनेबद्दलची माहिती द्यायचीच, काही मोजके अपवाद सोडले तर. म्हणजे जुन्या माहितीला तिथे जास्त मोकळीक आहे.

राहिलं स्कॅनिंग. ते व्हायलाच हवं. २१ जून २०१२ ला मंत्रालय जळालं, माणसं गेली आणि फायलींची राख झाली, ते दृश्य टीव्हीवर बघताना माझ्यासारख्यांचे हातपाय गळाले होते. पण स्कॅन म्हणजे मूळ कागद नव्हे. मी स्कॅन बघितलेत ज्यांत पाठीमागची बाजू घेतलेलीच नाही, आणि टिपणी नेमकी पाठीमागे आहे. घडीत दबलेली ओळ, पुसट शिक्का, मार्जिनमधली मोडी सही, हे सगळं मूळ पानावर बोटाने चाचपता येतं. कोर्टातही फरक पडतो. भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठी कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आणि तीस वर्षं जुन्या दस्ताला कलम ९२ खाली तो खरा असल्याचं जे गृहीतक मिळतं, त्यासाठी तो योग्य ताब्यातून आलेला दस्त समोर ठेवावा लागतो. बरं, डिजिटल नोंदीलाही मुदत असते. पोलिस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण अठरा महिने, आणि ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष ठेवा, असं सर्वोच्च न्यायालयाला २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात सांगावं लागलं. कोठडीत मार खाल्लेला माणूस तक्रार करायच्या मनःस्थितीत येईपर्यंत चित्रणच पुसलं गेलं, तर कॅमेरा लावून काय मिळवलं?

तेव्हा ‘उपलब्ध नाही’ किंवा ‘नष्ट केले’ असं उत्तर हातात पडलं, तर तीस दिवसांच्या आत पहिलं अपील करा आणि सोबत साध्या कागदावर नवा अर्ज द्या. मी हा मजकूर लिहून देतो, तुम्हीही वापरा:

‘सदर अभिलेखाचे वर्गीकरण (अ, ब, क किंवा ड) कोणते होते, त्याची जतन मुदत किती होती, तो अभिलेख कक्षात कोणत्या दिनांकास जमा झाला, त्याचा गठ्ठा क्रमांक काय, तो नष्ट केला असल्यास नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी व त्यास मंजुरी देणाऱ्या सक्षम अधिकाऱ्याचा आदेश, आणि नष्ट केला नसल्यास आजवर घेतलेल्या शोधाचा अहवाल, यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.’