बारीक माणसाला शुगर निघते तेव्हा

आपल्याकडे कुणाला शुगर निघाली की पहिला प्रश्न ठरलेला, ‘गोड फार खायचास का रे?’ आणि माणूस किडकिडीत असला तर लगेच दुसरा, ‘पण तुला कशी काय?’ या दुसऱ्या प्रश्नावर पुण्यातल्या एका डॉक्टरांनी आयुष्याची तीसेक वर्षं घातली. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक.

2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा राहिलेला फोटो आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी मोजली तर युडकिन 9.1 टक्के आणि आपले याज्ञिक 21.2 टक्के. शोधनिबंधात स्वतःचीच चरबी छापून मोकळा होणारा माणूस मला तरी फार आवडला.

पण त्यांचं खरं काम फोटोतलं नाही, गावातलं आहे. 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये त्यांच्या टीमने लग्न झालेल्या तरुण बायकांची नोंद ठेवायला घेतली. दर महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख विचारायची, म्हणजे दिवस गेले की सुरुवातीपासूनच मोजमाप करता येईल. घरात सासू बसलेली असताना बाहेरची बाई येऊन सुनेला पाळी विचारणार, तेही दर महिन्याला! मशीन विकत मिळतं, हा विश्वास नाही मिळत. अशा कामाला पुरस्कार समारंभात कुणी टाळ्या वाजवत नाही, हे आपलं दुर्दैव.

त्या आया सरासरी जेमतेम 42 किलोच्या. बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांपेक्षा पाऊण किलोने हलकी. दंड बारीक, पोट लहान, स्नायू कमी. पण पाठीवर खांद्याच्या हाडाखाली चिमटा धरून कातडीची जाडी मोजली, तर तिथली चरबी त्या मानाने फारशी घटलेली नाही. यालाच त्यांनी ‘थिन-फॅट बेबी’, म्हणजे दिसायला बारीक पण चरबी राखून असलेलं बाळ, म्हटलं. पुढे पुणे आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं, तर पुण्याच्या बाळांमध्ये वजनाच्या मानाने इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं संप्रेरक, जास्त. म्हणजे जन्मल्या दिवसापासून. अजून जिलेबीचा तुकडासुद्धा जिभेला लागलेला नाही!

हीच मुलं अठरा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. बहुतेक सगळी सडपातळ, तरी 37 टक्के मुलगे आणि 18 टक्के मुली प्रीडायबेटिसच्या, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावरच्या, हद्दीत.

आता माझं म्हणणं. पेशंटला दोष देणं थांबावं म्हणून या संशोधनाचा उपयोग व्हायला हवा होता. झालं भलतंच. ‘सगळं आईच्या पोटातच ठरतं’ एवढंच उचललं गेलं आणि बोट पेशंटवरून त्याच्या आईकडे वळलं. तिने हे खायला हवं होतं, ते टाळायला हवं होतं. अहो, याच अभ्यासात दिसलंय की गरोदरपणी ज्यांना शेतातलं आणि घरचं जड काम जास्त पडलं त्यांची बाळं लहान झाली, आणि ज्यांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा होतं त्यांची मोठी. पाण्याचे हंडे आणि खुरपणी त्या बाईने हौसेने निवडली होती का? दूध डेअरीला गेल्यावर घरात किती उरतं, आणि उरलेलं कुणाच्या पेल्यात जातं, हे खेड्यात राहिलेल्या कुणालाही विचारा.

बी-ट्वेल्व्ह या जीवनसत्त्वाचंही तसंच, अर्धवट उचललेलं. यातल्या साधारण दोन तृतीयांश आयांमध्ये ते कमी होतं. बी-ट्वेल्व्ह कमी आणि फोलेट (हेही एक बी जीवनसत्त्वच) जास्त असलेल्या आयांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं, जास्त दिसला. महत्त्वाचा धागा आहे, पण म्हैसूरच्या अशाच अभ्यासात फोलेटचा संबंध दिसला, बी-ट्वेल्व्हचा तसा नाही. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डायबेटिसचं मूळ सापडलं’ म्हणून इंजेक्शनं सुचवणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

याज्ञिकांच्या टीमने स्वतः घाई केली नाही. 2012 मध्ये त्यांनी त्याच गावांतल्या, आता वयात आलेल्या मुलांना रोज बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या देऊन चाचणी सुरू केली. त्याही अगदी थोड्या मात्रेच्या, रोज 2 मायक्रोग्रॅम. लग्नाआधी, गरोदरपणाच्या कितीतरी आधी. आणि मुलींबरोबर मुलग्यांनाही, कारण होणारं बाळ बापाचंही असतं. गर्भसंस्काराचे क्लास चालवणारे याज्ञिकांचं नाव हल्ली सर्रास घेतात. मुलग्यांच्या गोळ्यांचं मात्र त्यांच्या एकाही जाहिरातीत मला अजून दिसलेलं नाही.