ऑफिसात परवान्याच्या शस्त्राबद्दल किती बोलावं?

बीड जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांचा आकडा २०२४ च्या अखेरीस बाहेर आला, तो हजाराच्या वर होता. तेव्हापासून ज्यांच्याकडे रीतसर परवाना आहे अशी साधी नोकरदार माणसंही ऑफिसात गप्प झाली. "परवाना आहे" म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यासमोर रील, गॉगल आणि कमरेचं पिस्तूल उभं राहतं. त्यामुळे पुष्कळजण सल्ला देतात, की कुणाला सांगूच नये. मला तो सल्ला पटत नाही. परवाना आहे हे विचारल्यावर सरळ सांगावं. शस्त्र कुठलं, कुठे ठेवलंय, किती काडतुसं आहेत, कधी बरोबर असतं, यातलं मात्र अवाक्षर बोलू नये.

लपवायचं म्हटलं तरी ते लपत नाही. परवान्याच्या अर्जावर स्थानिक पोलीस ठाण्याची चौकशी होते, शेजारीपाजारी विचारपूस होते आणि शेजारच्या सोसायटीत ऑफिसातलं कुणी ना कुणी राहतच असतं. केंद्र सरकारी नोकर असाल तर दोन महिन्यांच्या मूळ पगाराहून महाग जंगम वस्तू घेतल्यावर महिन्याभरात खात्याला कळवावं लागतं. रिव्हॉल्व्हर त्या मर्यादेत बसत नाही म्हणून कळवलं, तर ती फाइल आस्थापना शाखेच्या टेबलावरून जाणारच. त्यात निवडणुका. आचारसंहिता लागली की छाननी समिती ज्यांची यादी करते त्यांना शस्त्र जमा करायला जावं लागतं आणि त्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागते. मग सहा महिन्यांनी कुणीतरी चहाच्या टपरीवर "अरे, तुझ्याकडे म्हणे..." असं सुरू करतं. लपवलेली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून आली की ती संशयाचीच वाटते.

विचारलं तर उत्तर छोटं द्यावं. "हो, परवाना आहे. शस्त्र सुरक्षित असतं. त्यापलीकडे मी बोलत नाही." कारण विचारलं तर एका शब्दात सांगावं: नेमबाजी, शेती, वडिलांचं, संरक्षण. बस्स.

तपशील का नको, याचा साधा हिशेब मांडून पाहा. सहकाऱ्यांना तुमचा पत्ता माहीत असतो. तुम्ही सकाळी नऊला निघता, रात्री आठला परतता, बायकोही नोकरीला जाते, दिवाळीत चार दिवस गावी असता, हे सगळं त्यांना ठाऊक असतं, कारण रजेचं कॅलेंडर सगळ्यांना दिसतं. त्यात "लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात असतं" एवढी भर पडली की चोराला लागणारी सगळी माहिती एका जागी जमली. सहकारी चोर आहे असं मला म्हणायचं नाही. पण तो घरी सांगतो, घरचे ड्रायव्हरला सांगतात, आणि बातमी कुठवर गेली हे तुम्हाला कधीच कळत नाही. शस्त्र चोरीला गेलं तर ताबडतोब पोलिसांत कळवावं लागतं, आणि निष्काळजीपणा दिसला तर परवान्यावरच गदा येते. मोठ्या सुटीवर जाताना परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात ते ठेवून पावती घ्यावी. ही सोय फार कमी लोक वापरतात.

फोटोंचं तर बोलायलाच नको. दसऱ्याला शस्त्रपूजन होतं, पाटावर झेंडूची फुलं, हळदकुंकू आणि मधोमध रिव्हॉल्व्हर. तो फोटो कौतुकाने ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जातो. फोटो मोठा केला की शस्त्राचा नंबर वाचता येतो, मागे घरातलं कपाट दिसतं, काडतुसंही बाजूला मांडलेली असतात. तीन महिन्यांनी त्याच ग्रुपवर कुणाशी वाजलं, तर तोच फोटो तक्रारीला जोडला जातो. पूजा करा, आपली परंपरा आहे. फोटो देवघरातल्या देवांचा काढा.

आता माणसामाणसात फरक असतो, आणि बोलणंही त्याप्रमाणे बदलतं.

नेमबाजाचं सगळ्यात सोपं. कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रेल्वेत टीसी असताना २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक घेऊन आला, तेव्हापासून कोल्हापूर-पुण्याकडे "रायफल आहे" म्हटलं तरी लोक आधी पदकाचं विचारतात. बरेच नवशिके १० मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तूल वापरतात. नळीचा आतला व्यास .१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल तर तिला परवाना लागत नाही. पण गेटवरच्या सुरक्षारक्षकाला हे माहीत नसतं. त्याला एक्स-रेत नळी आणि ट्रिगर दिसतो आणि तो त्याचं काम करतो. त्याच्याशी हुज्जत घालू नये. संध्याकाळी सरावाला बालेवाडीच्या नेमबाजी रेंजवर जायचं असेल तर पेटी तिथेच ठेवायची सोय बघावी, नाहीतर घरी जाऊन घ्यावी. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये डिकीत दिवसभर ठेवणं हा सगळ्यात वाईट पर्याय.

कोकणातल्या चाकरमान्यांचा प्रकार वेगळा. बंदूक गावी, परवाना वडिलांच्या नावे, शेतीसंरक्षणाचा. कुठे बारा बोअर, कुठे ठासणीची. डुक्कर आणि माकडं भात-केळी ठेवत नाहीत, म्हणून ती बंदूक लागते. निवडणुकीत ती जमा झाली की पिकाचं काय, ही तिथली जुनी आणि खरी तक्रार आहे. हे ऑफिसात सांगायला काहीच हरकत नाही. पण मुंबईतल्या मित्रांना गणपतीत गावी नेऊन "चल, एक बार काढूया" म्हणणं बेकायदा आहे. परवाना वडिलांचा आहे. रिटेनर म्हणून, म्हणजे परवानाधारकाच्या वतीने शस्त्र हाताळणारा म्हणून, तुमचं नाव त्यावर नोंदलेलं नसेल तर तुम्हीसुद्धा ती बंदूक हाताळू शकत नाही, मग मित्रांचं नावच नको.

वारशाच्या शस्त्राबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण इथे चांगली माणसं नकळत गुन्हेगार होतात. वडील गेले, दिवसकार्य झालं, बंदूक माळ्यावर तशीच राहिली. वडील गेले त्या दिवसापासून घरात तिला परवाना नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, पावती घ्यायची, आणि मग वारस म्हणून स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. तसं न केल्यास विनापरवाना बंदुकीची जी शिक्षा आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद, ती तुम्हालाही लागू होऊ शकते. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचे वडील गेले आणि त्यांच्याकडे बंदूक होती हे तुम्हाला माहीत असेल, तर दहाव्याच्या आसपास हळूच आठवण करून द्या. ऑफिसात मोकळेपणाने बोलण्याचा हा फायदा कुणी धरतच नाही.

राहिला संरक्षणाचा परवाना, आणि "मग ऑफिसात आणतोस का?" हा प्रश्न.

उत्तर "नाही" असंच असलं पाहिजे. परवान्यामुळे कंपनीच्या आवारात शस्त्र नेण्याचा हक्क मिळत नाही. ती खाजगी जागा आहे आणि बहुतेक कंपन्यांच्या नियमांत मनाई लिहिलेली असते. त्याआधी परवान्याचं क्षेत्र बघावं. अहिल्यानगर जिल्ह्यापुरता परवाना घेऊन माणूस हिंजवडीत नोकरीला येतो. तिथे परवाना देणारा अधिकारी पोलीस आयुक्त, गावाकडे जिल्हाधिकारी. क्षेत्राबाहेर शस्त्र बाळगणं म्हणजे परवान्याच्या अटीचा भंग, कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शाळा-कॉलेजच्या आवारात, जत्रेत, मिरवणुकीत नेणं तर परवान्याच्या अटींतच नाकारलेलं आहे. म्हणजे प्राध्यापक मंडळींचा प्रश्नच मिटला. जिथे नेता येतं तिथेही २०१६ च्या नियमांप्रमाणे पिस्तूल अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत आणि पूर्ण झाकलेलं हवं. शर्ट वर करून मूठ दाखवणारे हा नियम रोज मोडतात.

रोख रक्कम हाताळणाऱ्या किंवा खरोखर धमकी आलेल्या माणसाने बरोबर ठेवायचंच असेल, तर आधी व्यवस्थापनाची लेखी परवानगी घ्यावी, सुरक्षाप्रमुखाला कळवावं, आणि आत कुठे ठेवायचं ते ठरवून घ्यावं. ही माहिती त्या दोघातिघांपुरतीच.

बॅगेचं एक वेगळं सांगतो. रेंजवर नेलेली सॅक ऑफिसला वापरू नका. एखादं काडतूस चेनच्या कप्प्यात किंवा अस्तराखाली राहतं. महिनाभराने तीच सॅक घेऊन दिल्लीच्या मीटिंगला निघता आणि विमानतळावर सीआयएसएफचा जवान बॅग बाजूला काढतो. पुढे पोलीस, जबाब, परवान्याची पडताळणी आणि विमान गेलेलं. ते काडतूस बॅगेत असल्याचं तुम्हाला माहीतच नव्हतं, हे न्यायालयात मांडता येतं, पण ते फार पुढचं. रिकामी पुंगळीसुद्धा तपासणीत अडकवते. रेंजची पिशवी वेगळी, रंगानेही वेगळी ठेवा.

"दाखव ना एकदा" ही सगळ्यात अवघड वेळ. सहकारी घरी जेवायला आलेत, वातावरण छान आहे, नाही म्हणायला जीवावर येतं. तरी नाही म्हणावं. ज्याच्याकडे परवाना नाही त्याच्या हातात शस्त्र देणं कायद्यालाही मंजूर नाही. शिवाय अपघात नेमके अशाच वेळी होतात, आणि ते ठरलेल्या चुकीने होतात. पिस्तुलात लोक आधी स्लाइड (वरचा सरकणारा भाग) ओढतात, चेंबरमधली (नळीच्या मागच्या कप्प्यातली) गोळी बाहेर पडते, आणि मग मॅगझीन (मुठीतली गोळ्यांची पेटी) काढतात. पण स्लाइड पुढे गेली तेव्हाच मॅगझीनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये जाऊन बसलेली असते. आता मॅगझीन हातात आहे म्हणून पिस्तूल रिकामं वाटतं, आणि कुणीतरी हसत हसत ट्रिगर ओढतं. क्रम असा हवा: नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर, आधी मॅगझीन काढायचं, मग स्लाइड पूर्ण मागे ओढून अडकवायची, चेंबर डोळ्यांनी बघायचा आणि करंगळी घालून चाचपायचा. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर बाहेर काढून सगळी घरं मोकळी करायची आणि काडतुसं मोजायची. सहाचं असेल तर सहा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी घुसली. कपाटात ठेवताना ते हातातून पडलं आणि गोळी सुटली, असं तेव्हा सांगण्यात आलं. पडल्यावर घोड्याला, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या भागाला, बसणारा दणका अडवणारी यंत्रणा ज्या रिव्हॉल्व्हरमध्ये नसते किंवा झिजलेली असते, तिथे घोड्याखालच्या घरात गोळी असणं धोक्याचं. भरलेलं शस्त्र इकडून तिकडे हलवू नये, हा नियम त्यासाठीच आहे.

लग्नाच्या वरातीत "दोन बार काढ" म्हणणारा सहकारी भेटला तर त्याला सांगा, की आनंदाच्या गोळीबाराला आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.

आणि विनोद. "अप्रेझल नीट दे, नाहीतर माहितीये ना माझ्याकडे काय आहे." ज्याच्याकडे काहीच नाही त्याने हे म्हटलं तर लोक हसतात. परवानाधारकाने म्हटलं तर ती धमकी ठरू शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंत आणि जिवे मारण्याच्या धमकीला सात वर्षांपर्यंत कैद आहे. साहेबाने तर या विषयावर विनोद करूच नये. हाताखालचा माणूस तोंडावर हसेल, पण पुढच्या वेळी रजा मागताना, चूक दाखवताना तो आधी घाबरेल, आणि तुम्हाला ते कळणारही नाही. साहेबाच्या परवान्याची माहिती एचआरच्या वर जाऊ द्यावी, टीममध्ये खाली येऊ देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींसाठी दोनच ओळी. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर तिथला संघीय कायदा सर्वसाधारणपणे तुम्हाला बंदूक किंवा काडतुसं बाळगू देत नाही. एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला मुख्य अपवाद. म्हणून सहकाऱ्याने कौतुकाने रेंजवर बोलावलं तर जाण्याआधी वकिलाला विचारा. ग्रीनकार्डवाल्यांचं वेगळं. टेक्साससारख्या राज्यात कर्मचाऱ्याने कायदेशीर बंदूक स्वतःच्या कुलूपबंद गाडीत, कंपनीच्या पार्किंगमध्ये ठेवली तर सहसा मालकाला अडवता येत नाही. तिथल्या सहकाऱ्यांच्या गप्पा मोकळ्या असतात त्या या पायावर. ती सवय इथे आणू नये.

एका माणसाला मात्र जरा जास्त माहिती असावी. ऑफिसातला असा एक मित्र, ज्याला तुम्ही आठ-दहा तास रोज दिसता. घटस्फोट, कर्ज, नोकरी जाण्याची भीती, सतत दारू, झोप उडणं हे घरच्यांच्याही आधी त्याच्या लक्षात येतं. तुमच्याकडे शस्त्र आहे हे त्याला माहीत असेल तर तो म्हणू शकतो, "चल, मी येतो बरोबर, महिनाभर जमा करून टाकू." जमा करणं म्हणजे परवाना घालवणं नव्हे. पावती मिळते, शस्त्र परत मिळतं. मित्राने उपदेश करत बसू नये, गाडी काढावी. शस्त्र परवानाधारकानेच न्यायचं, मित्राने आपल्या बॅगेत घालून न्यायचं नाही. पोलीस ठाण्यात अवघडल्यासारखं वाटत असेल तर विक्रेत्याकडे न्यावं, तिथे सहसा फार प्रश्न विचारत नाहीत, भाडं घेतात. आणि बोलायला कुणी हवं असेल तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं.