पूल बांधला आणि मीच पलीकडे राहिलो

मी राहतो पुण्यात आणि माझा सर्व्हर राहतो साताऱ्याला, आईबाबांकडे, टीव्हीच्या मागे, गणपतीच्या मखराच्या खोक्याला टेकून. सर्व्हर म्हणजे जुना डेस्कटॉप, उबंटू लिनक्स टाकलेला, वर केव्हीएम नावाच्या सॉफ्टवेअरच्या दोन व्हीएम, म्हणजे मशीनच्या पोटातली आभासी मशीनं. एकीत घरातल्या सगळ्या लग्नांचे व्हिडिओ आहेत पण टीव्हीला ती दिसायचीच नाही, कारण लिबव्हर्ट, म्हणजे व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर, त्यांना १९२.१६८.१२२ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांच्या वेगळ्या वाड्यात ठेवतं, आतले बाहेर जाऊ शकतात, बाहेरच्याला दिंडी बंद. उपाय म्हणजे ब्रिज, व्हीएमना घरच्या नेटवर्कला थेट जोडणारा सॉफ्टवेअरमधला पूल. नेटवर्क कार्ड ब्रिजला जोडायचं आणि आयपी, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, कार्डाच्या नावावरून काढून ब्रिजच्या नावावर करायचा. मी बसलो होतो त्याच आयपीवर.

रविवारी रात्री साडेआठला एसएसएचने, म्हणजे पुण्यात बसूनच, आत शिरलो, नेटप्लॅनची (उबंटूची नेटवर्क सेटिंग) फाइल लिहिली, स्पेस मोजून मोजून, ती ज्या यामल पद्धतीने लिहितात तिला टॅब चालत नाही. 'नेटप्लॅन ट्राय' ही भली कमांड आहे, १२० सेकंदांत एंटर दाबला नाही तर जुनं सगळं परत आणते. पण मी शहाण्याने एसटीपी बंद करायची ओळ घातलेली (नेटवर्कात गोल फेरा होऊ नये म्हणून ब्रिज करतो ती तपासणी, चालू असली की पोर्ट सुरू व्हायला ३० सेकंद, आमच्या एसटीपेक्षा बरंच म्हणा) आणि ब्रिजला असलं काही खास सेटिंग असलं की ट्राय सांगते, मला मागे फिरता येणार नाही. म्हटलं राहू दे, थेट लागू करणारी कमांड, अप्लाय. कर्सर थांबला तो थांबलाच.

बाबांना फोन. आधी तीनदा मशीन बंदचालू करायला लावलं. मग टीव्हीला मागची काळी वायर लावा, कीबोर्ड कपाटावर आहे, आणि मागून आई, सिरीयल ऐन रंगात आलीये, आत्ताच कशाला? पासवर्ड टाका म्हटलं तर बाबा म्हणे काहीच उमटत नाही, कीबोर्ड गेलाय. तो उमटत नसतोच हे पटवायला दहा मिनिटं गेली, कारण त्यांचा मुद्दा बरोबरच होता, उमटत नाही तर चुकलं कसं कळणार? मग मशीनचे पत्ते दाखवणारी कमांड, "आय, पी, मोकळी जागा, ए."

"बीआर झिरो... १९२ टिंब १६८ टिंब १ टिंब ३७."

बीआर झिरो म्हणजे माझा ब्रिज. मशीन ठणठणीत होतं हो! ब्रिजने स्वतःचा नवा मॅक ॲड्रेस (राऊटर ज्यावरून मशीन ओळखतो तो क्रमांक) घेतला, राऊटरने ओळख दाखवली नाही, आयपीच्या शेवटी नेहमीच्या १० ऐवजी ३७ दिला आणि माझं पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेल्याला सर्व्हरकडे पाठवणारी राऊटरमधली सेटिंग, १० च्या दारात कडी वाजवत उभं. बाबांनी मोबाइलवरून राऊटर उघडून १० चं ३७ केलं, अकरा वाजता मी आत आलो. बाबांचे पाय धरावेसे वाटले. मग लगेच, आता विषय कायमचा मिटवू म्हणून, जुन्या कार्डाचा मॅक ब्रिजला लावायची एक ओळ फाइलमध्ये टाकली. अप्लाय.

कर्सर थांबला. मशीनला परत १० मिळाला होता, आणि राऊटरमध्ये आता ३७ लिहिलेलं.

फोन आईने उचलला. "बाबा झोपले," म्हणाली.