जरासा फुगवटा

साहेब जाता जाता म्हणाले, "त्या ड्रिल मशीनच्या कव्हरला मधे जरासा फुगवटा दे. बाकी काही हलवू नकोस." ‘बाकी काही’मध्ये स्क्रूची चार भोकं, खालच्या भागावर बसणारी कड, स्विचची खाच आणि माझी अख्खी दुपार येते, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

कॉम्प्युटरवरच्या आकाराला फुगवटा द्यायची रीत तशी जुनीच. 1986 साली सेडरबर्ग आणि पॅरी या दोघांनी मांडलेली: आकाराभोवती नियंत्रणबिंदूंची एक काल्पनिक पेटी उभी करायची, बिंदू ओढायचे, की आतलं सगळं वाकतं. सगळं म्हणजे अगदी सगळं. पेटीला भोक कळत नाही, त्यामुळे गोल भोकं मुकाट्याने लंबगोल झाली. भोकं जखडली, तर कड उचलली. कड जखडली, तर तिच्या अंगाला सुरकुती, कारण नुसती जागा पक्की करून भागत नाही, उतारही जुळावा लागतो. उतार जुळवला, तर झेब्रा पट्टे (पृष्ठभाग किती सलग आहे ते तपासायला सॉफ्टवेअर त्यावर दाखवतं ते काळे-पांढरे पट्टे) कडेपाशी गुडघ्यात वाकल्यासारखे दिसायला लागले. मग वक्रताही जुळवली. तेव्हा सॉफ्टवेअरने लाल अक्षरांत कळवलं: बंधनं परस्परविरोधी आहेत.

नेमकी कुठली? ते नाही सांगितलं.

त्याच वेळी प्रिंटरमध्ये कागद अडकला म्हणून परचेसचे एक ज्येष्ठ गृहस्थ वेळ घालवायला माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"काय अडलंय?"

"बंधनं एकमेकांच्या आड येतायत, सर."

"मग काढ की एखादं."

"कुठलं काढू, तेच ते सांगत नाही."

"एवढं महागाचं सॉफ्टवेअर आणि त्याला माहीत नाही?" माझी खरेदी चुकल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "अरे, उशी इकडून दाबली की तिकडून वर येते. उशीला कुणी बंधनं घालतं का?"

"उशीला स्क्रू नसतात, सर."

हे त्यांनी ऐकलं नाही. बोट थेट स्क्रीनवर टेकलं, ठसा उमटला. "हे काय?"

"सममिती. डावं-उजवं सारखं राहावं म्हणून."

"कशाला? माणसाचं तरी कुठे सारखं असतं? ही माझी भुवई बघ." त्यांनी चष्मा काढला आणि वाकले. मी बघितली. उजवी खरंच वर होती. "लग्न अडलं का माझं?" असं म्हणत त्यांनी माझ्या कीबोर्डवरचं डिलीट दाबलं.

आणि सुटलं की हो ते! लाल अक्षरं गेली, कव्हर फुगलं. डावीकडे जास्त.

"मला इंजिनीअरिंगलाच जायचं होतं," ते म्हणाले, "घरच्यांनी कॉमर्सला घातलं." तेवढ्यात साहेब आले, स्क्रीनकडे बघून म्हणाले, "वा, डायनॅमिक वाटतंय!" आणि शाबासकीची थाप परचेसच्या खांद्यावर पडली.

रेषांना ‘समांतर राहा’, ‘काटकोनात राहा’ असं बजावण्याची सोय इव्हान सदरलँड यांच्या स्केचपॅड या कॉम्प्युटरवर चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये 1963 सालीच होती. गणित सरळ आहे. प्रतलातल्या बिंदूला दोन मोकळीका, आडवं आणि उभं सरकायच्या; वर्तुळाला तीन, तिसरी लहान-मोठं व्हायची. प्रत्येक बंधन त्यातली एखाद-दुसरी खातं. मोकळीक संपल्यावर आणखी बंधन घातलं की एक तर ते फुकटचं, नाही तर भांडण. भांडण मात्र कधी एकट्याचं नसतं, चार-पाच बंधनांचं मिळून असतं. तेवढी टोळी समोर उभी करून दाखवा ना! काही सॉफ्टवेअर दाखवतातही. आमचं सगळ्यात शेवटी आलेल्याला धरतं, किंवा गप्प बसतं. फुगवटा मागणाऱ्याला एक वाक्य पुरतं. काय हलू नये याची यादी मात्र मी करायची, आणि ती यादी कुणाला दिसतसुद्धा नाही.

आज टूलरूमची मेल आलीय: डावी बाजू उजवीपेक्षा फुगीर का, लेखी कारण द्या. उत्तर लिहिलंय. सीसीमध्ये परचेस आहे.