महासीरचा तो मेसेज, आणि त्यात काय काय चुकलंय

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेलच. महासीर हा नदीतला मोठा मासा पकडायचाय ना, मग पाऊस लागला की नर्मदेवरच्या ओंकारेश्वर धरणाखाली जा, तेवढं लांब नको असेल तर यशवंतसागर आहेच, 80 पौंडी स्टीलची वायर आणि तीन तोंडांचा मोठा गळ लावा, पिठाच्या गोळ्यात हिंग आणि जिरावण (आपल्याकडे पोह्यांवर टाकतात तो मसाला) घाला, 50 किलोचा मासा कुठे गेला नाही, आणि नदी सगळ्यांची आहे, परवानगी वगैरे काही लागत नाही. विचारणारे खूप झालेत म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी यशवंतसागर. होळकरांच्या काळातला तलाव, 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलाय, पक्षी बघायला जरूर जा. पण तो गंभीर नदीवर आहे आणि गंभीरचं पाणी शिप्रेत आणि तिथून चंबळला जातं, म्हणजे उत्तरेला, नर्मदेशी त्याचा काही संबंध नाही. महूजवळच्या जानापावच्या डोंगरावरून पाणी दोन्हीकडे वाहतं, चंबळ उत्तरेला आणि चोरल दक्षिणेला नर्मदेकडे, त्यामुळे नर्मदेचा महासीर हवा असेल तर घाट उतरावाच लागतो. दुसरं म्हणजे हा मासा वाहत्या, स्वच्छ, दगडगोट्यांच्या पाण्यातला. गाळाच्या साचलेल्या पाण्यात बसलात तर रोहू-कटला लागतील, ते काही वाईट नाहीत, पण मग महासीर म्हणून फोटो टाकू नका.

आता धरणाखाली पावसात. यात अर्धं खरं आहे आणि म्हणूनच हा मुद्दा जास्त डेंजर आहे. पावसात महासीर धारेच्या उलट वर चढतो, अंडी घालायला, आणि धरणाची भिंत आडवी आली की खालीच अडकून गोळा होतो. म्हणजे तिथे मासा असतो हे बरोबर, पण कुठला मासा? पोटात अंडी असलेली मादी. मध्यप्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट नदीत मासेमारी बंद असते ती याचसाठी, 1972 च्या नियमांपासून चालत आलंय हे, आणि मोडलंत तर दंड आणि जेल दोन्हीची सोय आहे. वर हा मासा सगळी अंडी एकदम घालत नाही, टप्प्याटप्प्यानं घालतो, त्यामुळे 16 ऑगस्टला सकाळी रॉड घेऊन धावण्यातही काही अर्थ नाही, मी तर सप्टेंबरही सोडून देतो. 2011 पासून हा आपला राज्यमासा आहे, आणि तिकडे नर्मदेकाठच्या बडवाहच्या वनविभागात त्याची पिल्लं वाढवायची खटपट चालली, इकडे आपण अंड्यांची मादी ओढायची, कमाल आहे.

शिवाय धरणाखालचं पाणी तुमच्या घड्याळावर चालत नाही. ओंकारेश्वरला 520 मेगावॅटचं वीजघर आहे, टर्बाइन सुरू झाली की मघाशी कोरडा असलेला दगड पाण्याखाली जातो. 2005 च्या एप्रिलमध्ये नर्मदेकाठी धाराजीच्या जत्रेत वरच्या धरणातून सोडलेल्या पाण्यात भाविक वाहून गेले होते, आणि तेव्हा पाऊसही नव्हता. सायरन वाजला की सामान गोळा करत बसू नका, सरळ वर या.

मग जायचं कधी आणि बघायचं काय? पाणी निवळल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि पुन्हा फेब्रुवारीपासून पुढे, कडाक्याच्या थंडीत मासा सुस्त असतो. जोराची धार जिथे खोल डोहात पडते तिथली कड बघा, वेगवान आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासतं ती. डोहाचा शेवटचा उथळ होत जाणारा भाग पहाटे आणि संध्याकाळी. काठावर उंबर नाहीतर जांभूळ वाकलेलं असेल तर थांबाच, पडलेली फळं हा मासा आवडीनं खातो. महेश्वरच्या खाली सहस्रधारेला कातळातून नदी कशी फुटते ते बघून या, महासीरचं घर कसं असतं ते डोळ्यांनी कळेल. नेमके डोह मी इथे लिहिणार नाही, कारण उघड आहे. आणि आजोबांनी सांगितलेल्या जागांवर जाऊ नका, बडवानीच्या राजघाटाकडे आता सरदार सरोवराचं पाणी तुंबलेलं असतं, तिथली धारच गेली.

वायरचं तर हसूच येतं. म्हणे दातांनी लाइन तोडतो. अहो महासीरच्या जबड्यात दातच नसतात, ते घशात असतात, गोगलगायी-शिंपले चिरडायला. लाइन तुटते ती कातळाच्या धारेवर, म्हणून 30 पौंडी विणलेली (ब्रेडेड) लाइन आणि पुढे गळापाशी हातभर जाड फ्लोरोकार्बन लीडर, म्हणजे न घासणारा जाड दोरा, एवढं पुरतं. आठ-नऊ फुटी मिडियम-हेवी रॉड, 4000 किंवा 5000 साइजचं स्पिनिंग रील, आणि ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा लाइन किती सुटावी ते ठरवणारा रीलचा ब्रेक, आधी हातानं ओढून नीट सेट केलेला, कारण पहिली धावच सगळा हिशोब करते. तीन तोंडांचा गळ काढून टाका, स्पूनलाही (चमच्यासारखं धातूचं चकाकणारं आमिष) एकेरी गळ लावा आणि त्याची उलटी नोक पक्कडनं दाबून टाका, मासा सोडताना तोंड फाटत नाही.

पिठाचा गोळा चालतो, नाही कोण म्हणतं, जुने लोक त्यावरच पकडायचे. पण जिरावण पोह्यांवर ठेवा भिया. चुकीच्या डोहात मसाला कितीही टाका, चिल्लर मासे गोळा कुरतडून मोकळे होतात.

आणि ते 50 किलो. तो आकडा कावेरीच्या खोऱ्यातला आहे, 1946 मध्ये व्हॅन इंगेन यांनी पकडलेला 120 पौंडी मासा, तिथली कुबडवाली जात वेगळी, 2018 पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे. आपल्या नर्मदेच्या महासीरची जात टॉर टॉर. दोन-तीन किलोची लागली तरी हात दुखेल, फोटो काढताना तिला पाण्यातच धरा, कल्ल्यात बोटं घालून लटकवू नका.

परवानगीचं, नदी सगळ्यांची असली तरी मासेमारीला नियम आहेत, जलाशयांचे ठेके असतात, अभयारण्यात तर गळ टाकायचाच नाही. ओंकारेश्वर खंडवा जिल्ह्यात, बडवाह-महेश्वर खरगोनमध्ये, त्यामुळे इंदूरच्या ऑफिसात विचारून काम होणार नाही, जिथे बसणार त्या जिल्ह्याच्या मत्स्य विभागात जा आणि उत्तर लिहून घ्या.