‘दुरुस्त करूनही बोट गळतेच’ या अभिप्रायाला आमचे उत्तर

महोदय,

आपण दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर आम्ही दोनदा वाचला. आपल्या तक्रारी अशा आहेत: तीन आठवड्यांचे सांगून बोट सात आठवडे ठेवून घेतली, इंजिन जिथे बसते ती मागची फळी गरज नसताना बदलली आणि बिल वाढवले, गळणारे सांधे वेल्डिंग न करता ‘नुसते खिळे ठोकून’ दिले, आपण आणलेला तळाचा रंग लावायला नकार दिला, आणि एवढे होऊनही पहिल्याच फेरीत पुढच्या बाकाखाली पाणी साचले. यांतली शेवटची तक्रार पूर्णपणे खरी आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आपली ॲल्युमिनियमची बोट ताब्यात देण्यापूर्वी आम्ही ती ट्रेलरवर, तळाला जादा टेकू देऊन, आतून पाण्याने भरली होती आणि बाहेरून जिथे थेंब दिसले तिथे खूण करून तेवढे रिव्हेट (पत्रे एकमेकांना जोडणाऱ्या, ठोकून घट्ट केलेल्या धातूच्या मेखा) बदलले होते. ही पद्धत जुनी आणि भरवशाची आहे, पण तिला मर्यादा आहेत. एक घनमीटर पाण्याचे वजन 1000 किलो भरते, त्यामुळे पाण्याची पातळी फार वर नेता येत नाही; शिवाय टेकूवर स्थिर असलेल्या बोटीचा पत्रा लवत नाही. लाटेवर आपटताना तो लवतो, पुढच्या भागात सर्वांत जास्त, आणि जागेवर घट्ट वाटलेला रिव्हेट त्या वेळी किंचित हलून पाणी आत सोडतो. एक रिव्हेट सैल झाला की त्याचा भार शेजारच्यांवर पडतो, हे ठाऊक असूनही आम्ही पुढच्या बाकाखालचे शेजारचे रिव्हेट एकेक करून तपासले नाहीत. त्यासाठी बाक काढावा लागला असता आणि तो काढण्याचा आम्ही कंटाळा केला. यात आपला काहीही दोष नाही.

वेल्डिंगबाबत मात्र आपल्याशी सहमत होता येत नाही. ॲल्युमिनियम सुमारे 660 अंश सेल्सिअसला वितळते, पण त्याच्या पृष्ठभागावर आपोआप तयार होणारा ऑक्साइडचा थर 2000 अंशांच्या वर वितळतो, म्हणून तो थर आधी काढून टाकल्याशिवाय जोड धरत नाही. सपाट, कोरड्या, दोन्ही बाजूंनी घासता येणाऱ्या पत्र्यावर हे साधते, आणि आपल्या बोटीच्या उजव्या बाजूची चीर आम्ही वेल्डिंगनेच बुजवली आहे. रिव्हेटच्या ओळीत मात्र दोन पत्र्यांच्या मध्ये जुने सीलंट (फटी बुजवणारा लेप), तेल आणि ओल अडकलेली असते. उष्णता लागताच त्यांची वाफ आणि धूर होऊन जोडात बारीक छिद्रे राहतात. त्यातच, लाटून कडक केलेला हा पत्रा वेल्डिंगच्या आजूबाजूला मऊ पडतो आणि तापून फुगल्यामुळे शेजारचे घट्ट रिव्हेटही ढिले होतात. त्यामुळे एक गळती थांबवताना आणखी चार सुरू होण्याची शक्यता असते. ज्यांना आपण खिळे म्हटले आहे ते भरीव रिव्हेट आहेत: एका माणसाने बाहेरून ठोकायचे, दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा घट्ट धरायचा, आणि ठोकण्याआधी भोकात सीलंट भरायचे. मागून हात पोचत नाही तिथेच आम्ही बंद टोकाचे पॉप रिव्हेट वापरले. साध्या पॉप रिव्हेटच्या पोकळ गाभ्यातून पाणी झिरपते.

मागच्या फळीविषयी आपला राग आम्हाला समजतो, कारण बाहेरून ती ठीकच दिसत होती. आतल्या प्लायवूडमध्ये स्क्रूड्रायव्हर हाताच्या जोराने मुठीपर्यंत शिरत होता. इंजिनाचे वजन आणि त्याचा रेटा, दोन्ही या एकाच फळीवर येतात, आणि कुजलेल्या फळीवर इंजिन चढवून बोट परत देणे आमच्या मनाला पटले नसते. त्याहून वाईट म्हणजे आधी कोणीतरी तिथे तांब्याची रसायने मुरवलेले, वाळवी-बुरशीरोधक प्लायवूड बसवले होते. तांबे, ओल आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की विजेच्या सेलसारखी क्रिया होऊन ॲल्युमिनियम खाल्ले जाते. फळी टेकलेल्या जागी पत्र्यावर दिसणारे खड्डे हे त्याचेच. आम्ही मरीन प्लायवूड घेतले, कडा इपॉक्सीने बंद केल्या आणि स्टेनलेसचे बोल्ट पत्र्याला थेट टेकू नयेत याची व्यवस्था केली. हे काम आवश्यकच होते. परंतु फळी उघडल्यावर काम थांबवून आपल्याला फोन करणे, फोटो पाठवणे आणि वाढीव खर्चाला आपली संमती घेणे हे आमचे कर्तव्य होते, आणि आम्ही ते पार पाडले नाही. आपण पाहिलेले फोटो काम संपल्यानंतर पाठवलेले होते, हे खरे आहे.

वाढलेल्या चार आठवड्यांपैकी बराच काळ बाकांखालचा फोम काढून आतला भाग वाळवण्यात गेला. तो फोम तरंगण्यासाठी असतो, पण वर्षानुवर्षे ओला राहून त्यात इतके पाणी मुरले होते की बोट त्यामुळेच जड झाली होती. उशिराची कल्पना वेळीच दिली नाही, हाही दोष आमचाच.

रंगाचे कारणही तेच तांबे. आपण आणलेल्या डब्यावर घटकांत क्युप्रस ऑक्साइड लिहिलेले होते. शेवाळ आणि शिंपले दूर ठेवायला ते उत्तम, पण ॲल्युमिनियमच्या तळावर, विशेषतः खाऱ्या पाण्यात, ते पत्रा पोखरते. आपण पुन्हा आणून दिला तरी तो रंग आम्ही लावणार नाही. तांबेविरहित रंग आणल्यास आधी एच प्रायमर (रंग पत्र्याला नीट धरावा म्हणून द्यायचा पहिला थर) देऊन अवश्य लावू.

आता पुढचे. बोट आपल्या सोयीने आणावी. पुढचा बाक काढून त्याखालचा प्रत्येक रिव्हेट तपासू, संशयास्पद वाटेल तो बदलू आणि नंतर पाण्यात नेऊन, इंजिन लावून, आपल्यासमोर चालवून पाहू. याचे कोणतेही शुल्क घेतले जाणार नाही. फळीच्या वाढीव बिलातील मजुरीचा भाग आपल्याला परत केला जाईल, सामानाचा नाही. तोपर्यंत एक विनंती आहे: गळती थांबवण्यासाठी आतून सिलिकॉन लावू नये. ते एकदा लागले की पूर्ण निघत नाही आणि त्याच्यावर दुसरे कोणतेही सीलंट धरत नाही.