एबेरॉनच्या पुढच्या पुस्तकात मला थॅलिओस्ट पाहिजे

एबेरॉन खेळणाऱ्या मंडळींनो, पोस्ट लांबलचक आहे. पण बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकतो.

कीथ बेकरनं उभं केलेलं हे काल्पनिक जग 2004 साली डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन फाशांनी खेळायच्या गोष्टींच्या खेळात आलं. नंतर त्यावर पुस्तकं पुष्कळ निघाली. 2019 चं पाचव्या आवृत्तीचं पुस्तक 320 पानांचं आहे, त्यात शार्न या उंच मनोऱ्यांच्या शहराला अख्खं प्रकरण मिळालंय. ते मिळायलाच हवं होतं. थॅलिओस्टच्या वाट्याला मात्र मोजक्या ओळी.

नवीन लोकांसाठी सांगतो. थॅलिओस्ट मूळचं ऑन्डेर या राज्याचं शहर. शंभर वर्षं चाललेल्या युद्धात थ्रेन या दुसऱ्या राज्यानं ते घेतलं आणि त्या जगाच्या कालगणनेतल्या 996 साली थ्रोनहोल्डचा तह झाला तेव्हा ते थ्रेनकडेच राहिलं. म्हणजे माणसं ऑन्डेरची आणि राज्य सिल्व्हर फ्लेमच्या धर्मपीठाचं. खेळ सुरू होतो 998 मध्ये, तहाला जेमतेम दोन वर्षं झालेली असताना.

1956 ची राज्य पुनर्रचना, महाजन आयोगाचा 1967 चा अहवाल, 2004 पासून सुप्रीम कोर्टात असलेला दावा हे ज्या घरांत जेवताना निघणारे विषय आहेत, त्या घरातल्या पोराला थॅलिओस्टच्या त्या ओळी किती अपुऱ्या वाटतात ते बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कुणालाही विचारा.

मला तिथलं बंड नको आहे. बंडाचं साहस कुठलाही डीएम (खेळ चालवणारा) एका संध्याकाळीत रचतो. मला तिथला साधा मंगळवार पाहिजे. दुकानावरची जुनी पाटी कुणी उतरवली, कुणी तिच्यावरच नवीन ठोकली? शाळेत सकाळची प्रार्थना कुठली? तहाच्या वर्षदिनाला सगळं कॉर्वेर खंड सण करतं, त्या दिवशी थॅलिओस्टमधलं ऑन्डेरी कुटुंब दार उघडं ठेवतं की लावून घेतं? आमच्याकडे 1 नोव्हेंबरला एका गल्लीत राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसरीत काळा दिवस. अशा एका तारखेवर चार सेशन सहज निघतात, आणि पुस्तकानं ती तारीख नुसती सुचवली तरी पुरे.

मग कागदपत्रं. एबेरॉनमध्ये ओळखपत्रं असतात, त्यांवर हाऊस सिव्हिसची, म्हणजे कागदपत्रं प्रमाणित करणाऱ्या नोम या ठेंगू लोकांच्या घराण्याची, मोहोर असते. इतकी उत्तम कल्पना, आणि बहुतेक टेबलांवर तिचा उपयोग काय, तर वेशीवरच्या शिपायाला खोटा कागद दाखवणे! आमच्या टिळकवाडीतल्या ग्रुपमध्ये मी एक म्हातारी आणली होती. तिच्या घराचं खरेदीखत ऑन्डेरच्या राजमुद्रेचं, आणि नवं कार्यालय म्हणतं, ही मुद्रा आम्ही मानत नाही. सिव्हिसचा नोम खेळत होता माझा कन्नड मित्र. त्यानं खत उजेडात धरलं, मुद्रेची कड बोटानं चाचपली आणि हळूच म्हणाला, ‘आजी, कागद खरा आहे ओ. पण खरा आहे असं लिहून द्यायची मला परवानगी नाही.’ कुणी फाशांना हातसुद्धा लावला नाही. सगळे त्या म्हातारीसाठी भांडत होते, आपापल्या कॅरेक्टरच्या तोंडून. कुठल्या कार्यालयाचा शिक्का कुठे चालतो, हे सांगणारी दोन पानं पुस्तकात असती तर हा खेळ महिनाभर चालला असता.

भाषेच्या नियमांचं तर पार नव्यानं काहीतरी करायला पाहिजे. सध्या भाषा येते किंवा येत नाही, एवढंच. सीमेवर असं नसतं की! आमच्या टेबलवरच कन्नड पूर्ण समजून मराठीत उत्तर देणारे आहेत, आणि फाडफाड कन्नड बोलून बसवरचा बोर्ड वाचता न येणारेही आहेत. घरोघरी जुन्या मोडी कागदांच्या पेट्या आहेत, वाचणारं कुणी उरलेलं नाही. समजणं, बोलणं, वाचणं वेगवेगळं मोजा. 2014 च्या नियमपुस्तकातल्या तक्त्यात गॉब्लिन आणि ऑर्क या दोन्ही जमातींच्या भाषांना ड्वार्फ जमातीची लिपी दिली आहे. ती त्यांच्याकडे कशी गेली, व्यापारातून की कुणाच्या अमलाखाली? हे कुणीतरी लिहा, माझ्यासारखे लोक दोनदा पैसे देऊन घेतील.

ड्रोआमची सरहद्दही राहिली आहे. राक्षसांचं राज्य, तहात मान्यताच नाही, आणि शेजारी ब्रेलँड. पण त्याला स्वतंत्र पुस्तक लागेल.

शेवटची मागणी नकाशांची. थॅलिओस्टचा एकच नकाशा छापू नका, तीन छापा. एक थ्रेनच्या दप्तरातला, नव्या नावांचा. एक ऑन्डेरला पळून गेलेल्यांनी आठवणीतून काढलेला, ज्यात पाडलेली घरंही आहेत. तिसरा हमालांचा, ज्यात नावं कुठलीच नाहीत, फक्त पहारा कुठे असतो आणि माल कुठून आत येतो एवढ्याच खुणा. खेळाडूंच्या हातात तिन्ही द्यायचे, आणि कुठला खरा ते डीएमनं सांगायचं नाही.